दुर्बीण बिघडली की मगर थंड?

गेल्या वर्षी आपल्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेच्या विज्ञान मंडळाला हातात धरायची थर्मल दुर्बीण भेट दिली. तेव्हापासून "सर, ती बिघडली" ही तक्रार आम्ही इतक्यांदा ऐकली आहे की, एकदा त्यावर सविस्तर लिहावे असे ठरले. पालकांनी व विश्वस्तांनीही हे वाचावे. कारण शेवटी कळेलच.

सर्वांत मोठी तक्रार जानेवारीत आली. नववीची मुले व काही पालक यांच्यासह आम्ही संध्याकाळी अकोटा-दांडिया बाजार पुलावर उभे होतो. दुर्बिणीत काठावरचे कुत्रे पांढरेशुभ्र दिसत होते, झाडातली वटवाघळेही दिसत होती. एका पालकांनी टॉर्च मारला तेव्हा चिखलाजवळ दोन डोळे निखाऱ्यासारखे चमकले. मगर! दुर्बीण तिकडे वळवली, तर तिथे नुसता करडा चिखल. मुलांनी सेल बदलला, भिंग पुसले (तेही रुमालाने!), दुर्बीण दोनदा बंद-चालू केली. मगर काही दिसेना.

आम्ही एका मुलाला आपला तळहात दुर्बिणीसमोर धरायला सांगितले. तळहात लख्ख दिसला. म्हणजे यंत्र ठीक होते.

ही दुर्बीण उजेड पाहत नाही. प्रत्येक वस्तूतून तिच्या तापमानानुसार न दिसणारी अवरक्त किरणे निघतात. ती पहिल्यांदा विल्यम हर्शेल यांना १८०० साली थर्मामीटरच्या साहाय्याने सापडली. आपल्या दुर्बिणीतील संवेदक साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर लांबीच्या किरणांनी किंचित तापतो आणि त्यावरून चित्र तयार होते. म्हणजे तिला दिसतो तो तापमानातला फरक. कुत्र्याचे शरीर आतून उष्णता तयार करते, मगर आपले अंग तसे गरम ठेवत नाही. तिला शीतरक्ताची म्हणतात, पण दुपारी उन्हात पडलेल्या मगरीचे रक्त काही थंड नसते! ऊन खाऊन ती तापते, पाण्यात गेली की पाण्याइतकी होते. नुकती बाहेर आलेली ओली मगर आणि ओला चिखल यांच्या तापमानात फरकच नसला, तर दुर्बिणीने दाखवायचे काय? पाण्याखालची तर दिसणारच नाही, कारण पाण्याचा पातळ थरही ही किरणे अडवतो. म्हणूनच रात्री मगरी मोजणारे लोक टॉर्चच्या उजेडात चमकणारे डोळे मोजतात.

आता बाकीच्या "बिघाडां"कडे वळू. वर्गाच्या बंद खिडकीतून बाहेरचे काही दिसत नाही, कारण साधी काच ही किरणे आत येऊ देत नाही. म्हणून पुढचे भिंग काचेचे नसून जर्मेनियम या मूलद्रव्याचे असते. स्टीलच्या पातेल्यातला उकळता चहा थंड दिसतो, कारण चकचकीत स्टील स्वतःची किरणे फार कमी सोडते आणि समोरच्याची परतवते. पातेल्याला बाहेरून कागदी पट्टी चिकटवा, पट्टी लगेच गरम दिसेल. हा प्रयोग घरी आईच्या देखरेखीखाली करण्यासारखा आहे. मध्येच "टक्" आवाज होऊन चित्र क्षणभर गोठते, तेव्हा आतली झडप बंद होऊन संवेदक स्वतःला जुळवून घेत असतो. पाऊस किंवा धुके असले की चित्र फिके पडते. त्याला इलाज नाही.

चित्र अस्पष्ट असेल तर आधी पडद्यावरची अक्षरे वाचा. अक्षरेच पुसट असतील तर डोळ्याजवळची कडी फिरवा. अक्षरे स्पष्ट पण दृश्य पुसट असेल तर पुढची. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

निगा राखण्यातले पहिले पथ्य सूर्याचे. दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखू नये, बंद असतानाही नाही. भिंग उन्हाला एकत्र आणते आणि संवेदकावर कायमचा डाग पडू शकतो. काम झाले की कॅप लावलीच पाहिजे. भिंगावर नाजूक लेप असतो, त्यामुळे रुमाल, पदर, सदऱ्याचे टोक आणि खिडक्या पुसायचा निळा द्रव, सगळे वर्ज्य. आधी रबरी फुग्याने धूळ उडवावी, मगच भिंगासाठीचे मऊ कापड हलक्या हाताने फिरवावे. एसीच्या खोलीतून बाहेरच्या दमट हवेत नेताना दुर्बीण अर्धा तास पिशवीतच राहू द्यावी, नाहीतर भिंगावर बाष्प धरते. बडोद्याच्या पावसाळ्यात ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवतो. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे. लांब सुटीत सेल काढून, अर्धा चार्ज करून वेगळा ठेवतो. स्क्रू खोलून आत डोकावण्याचा मोह मात्र मोठ्यांनीही टाळावा (आम्हालाही झाला होता).

आता पालकांच्या सूचनेविषयी. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी २५ फूट आहे. त्या वेळी अकोटा स्टेडियमजवळ एका घराच्या छपरावर बसलेली मगर सर्वांनी पाहिली. तेव्हा यापुढे पूर ओसरल्यावर शाळेचे आवार आधी या दुर्बिणीने तपासावे आणि मगच मुलांना आत सोडावे, असे काही पालकांनी सुचवले. सूचना काळजीपोटी आहे, तरी आम्ही विश्वस्त मंडळाला स्पष्ट नकार कळवला आहे. ओल्या गवतातली, साचलेल्या पाण्यातली मगर दुर्बिणीला दिसेलच असे नाही. पडद्यावर काही दिसले नाही याचा अर्थ तिथे काही नाही, असा होत नाही. पुरानंतर आवार दिवसाउजेडी, पाणी पूर्ण उतरल्यावर, मोठी माणसे दुरून पाहतील. मगर आढळल्यास तिला न छेडता वनविभागाला कळवतील. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मगरीला पूर्ण संरक्षण आहे, हेही ध्यानात असावे.

दुर्बीण प्रयोगशाळेतील कपाटाच्या दुसऱ्या खणात आहे. वहीत नाव लिहून शिक्षकांसोबत न्यावी. परत करताना कॅप लावलेली असावी आणि आधी तळहात पाहून "ठीक" किंवा "बिघाड" असा शेरा लिहावा. नदीवर नेणाऱ्यांनी टॉर्च बरोबर घ्यावा.