फडक्यातला मळा

ठाणे जिल्ह्यात कामवारी नदीच्या काठी भिवंडी हे शहर वसलेले आहे. निजामपुरा ही त्यातील एक वस्ती. भिवंडी यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे धोट्यांचा खडखडाट रात्रीही थांबत नाही. अशा दाट वस्तीत घराला घर लागलेले असते. परसबाग तर दूरच, एखादी कुंडी ठेवण्यापुरतीही जागा पुष्कळ घरांना नसते. तरीही अशा घरात एक मळा पिकवता येतो. त्याला जमीन लागत नाही, नांगर लागत नाही आणि खतही लागत नाही. वाटीभर मूग, एक पातेले, स्वच्छ पाणी आणि हातभर फडके एवढे साहित्य त्याला पुरते. हा मळा म्हणजे मोड आलेले कडधान्य होय.

डब्यातील मूग आपल्याला खड्यासारखा निर्जीव वाटतो. वस्तुतः तो जिवंत असतो. केवळ निद्रिस्त असतो. टरफलाच्या आत दोन दले असतात व त्यांच्या सांध्यात इवलेसे रोपटे दडलेले असते. ही दले म्हणजे त्या रोपट्याची शिदोरी. पाणी मिळताच दाणा फुगतो, टरफल फाटते आणि पांढरे टोक बाहेर डोकावते. त्यालाच आपण मोड म्हणतो. हे टोक म्हणजे रोपट्याचे पहिले मूळ. पाने मागाहून येतात, मूळ आधी येते. कारण पाण्याचा शोध हे रोपट्याचे पहिले काम असते. दाणा जागा झाला, की त्यातील विकरे कामाला लागतात. ती साठविलेल्या पिष्टाचे व प्रथिनांचे सोपे अंश करू लागतात. म्हणून मोड आलेले धान्य पचावयास हलके होते.

मोड काढण्याची रीत सोपी असली, तरी तीत हयगय चालत नाही. प्रथम मूग निवडून खडे व किडके दाणे काढून टाकावेत. नंतर ते दोनतीन पाण्यांनी धुऊन, तिप्पट पाण्यात आठदहा तास भिजत घालावेत. रात्रीची जेवणे आटोपल्यावर भिजत घातले, तर सकाळी ते टपोरे झालेले दिसतात. एखादा दाणा मात्र तसाच कडक राहतो. त्याला गणंग म्हणतात. तो वेचून टाकावा. नाहीतर उसळ खाताना दाताखाली येतो. भिजलेल्या मुगातील पाणी पूर्णपणे निथळू द्यावे आणि मूग ओल्या सुती फडक्यात सैल बांधून ठेवावेत. भिवंडीच्या मागावरून उतरलेले कोरे कापड असल्यास ते आधी गरम पाण्याने स्वच्छ धुवावे. कारण विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावलेली असते. सहा ते आठ तासांनी पुरचुंडी सोडून मूग पिण्याच्या पाण्याने धुवावेत, निथळावेत व पुन्हा बांधावेत. उन्हाळ्यात एका दिवसात चांगले मोड येतात. थंडीत अधिक वेळ लागतो.

पुरचुंडी सैल का बांधावी, हे समजून घेण्यासारखे आहे. मोड येणारा दाणा आपल्याप्रमाणेच श्वसन करतो. त्या वेळी उष्णता निर्माण होते, म्हणून पुरचुंडीच्या आत बोट घातले तर ऊब जाणवते. दाणे घट्ट आवळले किंवा पाण्यात बुडवून ठेवले, तर त्यांना हवा मिळत नाही. ते गुदमरतात आणि कुजतात.

ठाणे व रायगड जिल्ह्यांत भात कापून झाल्यावर शेतातील उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. वालाला मोड काढून, कोमट पाण्यात टाकून त्याची टरफले सोलली, की डाळिंब्या तयार होतात. त्यांचे बिरडे कोकणातील घरोघरी आवडीने खाल्ले जाते. वालाचे टरफल जाड असते. म्हणून मुगापेक्षा त्याला अधिक काळ भिजवावे लागते.

ही साधी घरगुती रीत एके काळी जीवनमरणाच्या प्रश्नाशी येऊन भिडली होती. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ मध्ये, आजच्या इराकमधील कूट या गावी सहाव्या पुणे डिव्हिजनला शत्रूने वेढा घातला. त्या सैन्यात १०३ वी, ११० वी व ११७ वी या मराठा पलटणी होत्या. वेढा सुमारे पाच महिने चालला. ताजा भाजीपाला व फळे मिळेनाशी झाली. हिंदी सैनिकांमध्ये स्कर्व्ही हा रोग पसरला. या रोगात हिरड्या सुजून त्यांतून रक्त येते, सांधे दुखतात आणि जुन्या जखमाही भरून येत नाहीत. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी त्या उपाशी व आजारी सैन्याला शरण जावे लागले.

सैन्याच्या अन्नात कोणती उणीव राहते, याचा शोध लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक व मार्गारेट ह्यूम या विदुषींनी घेतला. गिनीपिग या लहान प्राण्यांवर त्यांनी प्रयोग केले. सुके कडधान्य स्कर्व्ही रोखू शकत नाही. परंतु तेच धान्य भिजवून त्याला मोड आणले, तर रोखू शकते, हे १९१७ मध्ये त्यांनी दाखवून दिले. पोत्यातील धान्य महिनोन्‌महिने टिकते, कोठेही नेता येते आणि जेथे भाजीचे पान उगवत नाही तेथेही दोन दिवसांत त्याचे ताजे अन्न होते. स्कर्व्ही रोखणारे हे द्रव्य म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व. सुक्या दाण्यात ते जवळजवळ नसते. जागा होणारा दाणा ते स्वतः तयार करतो.

मात्र या मळ्याला राखणही हवी. ऊब आणि ओल जशी अंकुराला मानवते, तशीच ती रोगजंतूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या दूषित मोडांमुळे हजारो माणसे आजारी पडली व पन्नासांहून अधिक दगावली. म्हणून हात, भांडे व फडके स्वच्छ असावे. बुळबुळीत झालेले वा आंबूस वास येणारे मोड टाकून द्यावेत. पेरणीसाठी औषध लावलेले बियाणे तर कधीही खाऊ नये. मोड कच्चे खाण्यापेक्षा शिजवून खावेत. वाल तर नेहमी शिजवूनच खावेत. शिजवल्याने ‘क’ जीवनसत्त्वाचा काही अंश जातो. त्यासाठी पाणी बेताचे घालावे, झाकणीवर पाणी ठेवून वाफेवर उसळ शिजवावी आणि खाली उतरल्यावर वरून लिंबू पिळावे.

जमीन नाही म्हणून काही पिकवता येत नाही, असे नाही. मूठभर दाण्यांना वेळेवर पाणी, मोकळी हवा आणि स्वच्छ हात मिळाले, तर दाट वस्तीतील एका खोलीच्या घरातही ताजे अन्न उगवते. ही वेळ चुकविली, तर तेच दाणे कुजून जातात. मळा फडक्यात असला, तरी तो मळाच आहे; त्याच्याकडे रोज पाहावे लागते.

शब्दार्थ
शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले अन्न. गणंग – न भिजणारा, न शिजणारा दाणा. ताणा – कापडातील उभे धागे. खळ – धाग्यांना लावायची पेज. हयगय – निष्काळजीपणा.

स्वाध्याय
१. कारणे द्या : (अ) पुरचुंडी सैल बांधावी. (आ) कोरे कापड आधी धुऊन घ्यावे. (इ) मोड शिजवून खावेत.
२. कूटच्या वेढ्यात हिंदी सैनिकांना स्कर्व्ही का झाला?
३. ‘दाण्याची दले म्हणजे रोपट्याची शिदोरी’ हे वाक्य स्पष्ट करा.
४. उपक्रम : तीन वाट्यांत थोडे थोडे मूग घ्या. एका वाटीतील मूग कोरडे ठेवा, दुसऱ्या वाटीतील पाण्यात बुडवून ठेवा आणि तिसऱ्या वाटीतील भिजवून ओल्या फडक्यात बांधा. दोन दिवस निरीक्षण करून दिसलेला फरक वहीत लिहा. हे मूग खाऊ नका.