म्हाताऱ्या मोगऱ्याला कात्री लावावी का?

प्रश्न : आमच्या परसातला मोगरा सासूबाईंनी लावलेला, वीस-पंचवीस वर्षांचा तरी असेल. कधी छाटला नाही. खाली नुसती काटकुळी लाकडं, वर शेंड्याला चार पानं. उन्हाळ्यात देवापुरतीसुद्धा फुलं निघत नाहीत. शेजारीण म्हणते, मुळापासून कापा. सासूबाईंची आठवण आहे, हात धजावत नाही. काय करू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : शेजारणीचं ऐका, फक्त मुळापासून नको. जमिनीपासून हातभर राखून कापा. तुमच्या मोगऱ्याचं नुकसान केलंय ते मायेनंच. त्याची कळी धरते नव्या फुटव्यावर, जुन्या लाकडावर नाही. शिवाय फांदीचा शेंडा शाबूत असला की त्यातून उतरणारं ऑक्सिन हे संजीवक खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा उडवला की तेच डोळे जागे होतात.

डिसेंबरअखेर ते जानेवारी ही छाटणीची वेळ. भर पावसात कात्री लावू नका, कापलेल्या तोंडांतून बुरशी शिरते. आधी आठ-दहा दिवस पाणी तोडा. मग प्रत्येक फांदीची साल नखानं खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर जिवंत. तपकिरी, कोरडं असेल तर ती बुडापासून काढा. एकमेकींत घुसलेल्याही काढा. चांगल्या पाच-सहा ठेवून त्या डोळ्याच्या जरा वर, तिरप्या कापा आणि उरलासुरला पाला ओरबाडून टाका. झाड भकास दिसेल, घरातले चार शब्द ऐकवतील. ऐकून घ्या.

जाड कापांना बोर्डो पेस्ट लावा. 10 ग्रॅम मोरचूद आणि 10 ग्रॅम चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून एकत्र करा, सगळं मिळून पाणी 100 मिली. लोखंडी भांडं नको, मोरचूद ते खातं.

तरी धाकधूक वाटतच असेल तर खालची एक लवचीक फांदी कापू नका. तिची साल थोडी खरवडून मधला भाग मातीत दाबा, वर दगड ठेवा आणि तेवढी जागा ओली राखा. काही महिन्यांत मुळं धरतील आणि सासूबाईंचाच मोगरा दुसरीकडे लावता येईल.

छाटणीनंतर बुंध्याभोवतीची माती हलकेच उकरा, घमेलंभर कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून पाणी सुरू करा. युरिया अजिबात नको, नुसता पाला माजेल. बहार ओसरला की फुलं येऊन गेलेले शेंडे दोन-तीन पेरं खुडत चला, म्हणजे पुन्हा फुटवे येतील.

एवढं करूनही कळी धरली नाही, तर वर बघा. मोगऱ्याला निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. वीस वर्षांत शेजारचा आंबा त्याच्यावर पसरला असेल, तर पुढची कात्री आंब्याला.