कासवसुद्धा बुडतं!

नागपूरहून समुद्र गाठायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. मग आपल्या अंकात समुद्री कासवावर लेख कशाला, असं तुम्ही म्हणाल. माझंही तेच मत होतं. पण मागच्या जुलैत, सुट्टी संपता संपता, मी रूममेटच्या घरी गुहागरला गेले आणि एका कासवाला जवळजवळ मारूनच टाकलं!

पावसानं जरा उघडीप दिली म्हणून आम्ही किनाऱ्यावर गेलो. वाळूत एक कासव पडलं होतं. त्याच्या पुढच्या पायाला तुटक्या नायलॉन जाळ्याचा गुंता. मला वाटलं, बिचारं चुकून बाहेर आलंय, ढकलूया आत. मी वाकले तोच रूममेटचे बाबा ओरडले, “अगो थांब, बुडेल ते!” मला हसू आलं. कासव आणि बुडेल? कॉन्व्हेंटमध्ये टर्टल पाण्यातला आणि टॉर्टोइज जमिनीवरचा, एवढंच पाठ केलं होतं. परत आल्यावर लायब्ररीत बसून वाचलं तेव्हा कळलं, बाबा बरोबर होते.

कासव बुडतं कसं?

समुद्री कासवाला माशासारखे कल्ले नसतात, फुप्फुसं असतात. शांत असताना ते बराच वेळ पाण्याखाली राहू शकतं. पण जाळ्यात अडकलं की धडपडतं, साठवलेला ऑक्सिजन भराभर संपतो आणि श्वासासाठी वर येता येत नाही. फुप्फुसाचा आजार झालेलं किंवा थकलेलं कासव तर स्वतःहून किनाऱ्याला लागतं. त्याला परत पाण्यात लोटणं म्हणजे आयसीयूतल्या पेशंटला पोहायला पाठवणं.

मग करायचं काय?

१. आधी वनखात्याला कळवा. ‘हॅलो फॉरेस्ट’चा नंबर १९२६.
२. पोटावरच, सावलीत ठेवा. पाठीवर ओलं फडकं टाका, पण नाकपुड्या मोकळ्या ठेवा.
३. निपचित असेल तर मागचा भाग अर्धा फूट उंच करा, म्हणजे फुप्फुसातलं पाणी निथळतं. हालचाल नाही म्हणून लगेच मेलं समजू नका.
४. पाय धरून उचलू नका. टाकीत किंवा टबात सोडू नका. खायला-प्यायला घालू नका.
५. मांसात रुतलेली दोरी किंवा गळ ओढू नका. लोंबणारं जाळं तेवढं कापा, बाकीचं डॉक्टरांवर सोडा.

बाबांनी नेमकं हेच केलं. वनखात्याची माणसं येऊन कासव घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी निरोप आला, पाय कापावा लागला, पण खायला लागलंय. अशा कासवांसाठी पालघर जिल्ह्यात डहाणूला खास उपचार केंद्र आहे.

जाळं कोण कापणार?

खरा प्रश्न समुद्रात येतो. जिवंत कासव जाळ्यात आलं तर जाळं कापावं लागतं, आणि जाळं म्हणजे कोळ्याचं भांडवल. कायदा सांगून पोट भरत नाही. म्हणून २०१८ च्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारनं योजना आणली: संरक्षित प्राणी सोडवताना जाळं फाटलं तर फोटोचा पुरावा द्यायचा आणि २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई घ्यायची. मला ही योजना फार शहाणपणाची वाटली. दया दाखवणाऱ्याला एकट्याला तोटा सोसावा लागू नये.

आता आपला, म्हणजे इंजिनीअरिंगचा विषय. ट्रॉलरच्या जाळ्यात तिरकी बसवलेली लोखंडी जाळी असते, तिला ‘टेड’ म्हणतात. दोन गजांत साधारण १० सेंटिमीटर फट. कोळंबी फटीतून मागे जाते, कासव गजांवरून घसरत झडपेतून बाहेर पडतं. ना मोटर, ना सेन्सर! कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं भारतीय ट्रॉलरसाठी असं टेड तयार केलंय. तरी थोडी कोळंबी निसटते म्हणून खलाशी ते बसवायला नाखूश असतात. आणि टेड नाही म्हणून २०१९ साली अमेरिकेनं आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं. म्हणजे डिझाइन चांगलं असून भागत नाही, वापरणाऱ्याचा हिशोबही जुळावा लागतो. हे आपल्याला कुठल्या पेपरात विचारतात?

ओडिशात २०२१ साली टॅग लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. भारताच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर! वाटेत किती जाळी चुकवली असतील तिनं?

आणि समुद्र नाही म्हणून आपण सुटलो असं नाही बरं का. आपल्या तलावांतही कासवं आहेत, आणि जखमी वन्यप्राण्यांसाठी सेमिनरी हिल्सला ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. रस्त्यावर जखमी कासव दिसलं तर उचलून थेट तलावात टाकू नका. एक मिनिट थांबा, फोन लावा. मलाही कुणीतरी ‘थांब’ म्हणालं म्हणूनच ते कासव वाचलं.