माकड खरोखर हंसतें काय ?

तुंगारेश्वराच्या रानांत सहलीस गेलेल्या मुलांपैकीं कोणी तरी, "पाहा, माकड हंसतें आहे !" असें म्हणत पुढें सरसावतो. माकडानें ओठ मागें ओढून दांत दाखविलेले असतात. परंतु ती मुद्रा आनंदाची नसून भयाची किंवा शरणागतीची असते. कळपांतील दुबळें माकड बलवानापुढें असेच दांत दाखवितें. पळण्यास वाट उरली नाहीं, तर तेच दांत मुलाच्या हातांत रुततात. अशा वेळीं नजर वळवून हळूच मागें सरावें.

मग माकडाच्या व आपल्या मुद्रेचा कांहींच संबंध नाहीं काय ? आहे, व तो जवळचा आहे. चेहऱ्याच्या कातडीखालील बारीक स्नायू दोहोंत बहुतेक तेच आहेत. कारण दोघांचे पूर्वज एक होते, व त्यांच्या शाखा सुमारें २.५ ते ३ कोटि वर्षांपूर्वीं विलग झाल्या. आपलें स्मितही अशाच दांत दाखविण्यांतून, "मी तुझा वैरी नव्हे" या अर्थानें, निघालें असावें, असें पुष्कळ प्राणिशास्त्रज्ञ मानतात. वरिष्ठांपुढें आपण कसनुसें हंसतों, तें आठवावें ! खदखदून हंसण्याचें मूळ मात्र निराळें. माकडांचीं पिलें खेळतांना तोंड सैल उघडतात, त्याच्याशीं त्याचें नातें आहे.

सर चार्ल्स बेल या शस्त्रवैद्याचें मत असें होतें कीं, चेहऱ्याचे कांहीं स्नायू केवळ भावना दाखविण्यासाठींच ईश्वरानें मनुष्यास दिले. डार्विननें १८७२ सालच्या आपल्या ग्रंथांत हें मत खोडून काढलें. त्यानें ईश्वराच्या महिम्यास उणेपणा येतो, असें आम्हांस वाटत नाहीं.

सर्व मानवजातींच्या मुद्रा सारख्याच आहेत काय, हें पाहण्यासाठीं डार्विननें १८६७ सालीं १६ प्रश्न देशोदेशीं धाडले होते. उत्तरें ३६ आलीं. त्यांत मिशनऱ्यांचींही होतीं. आपल्या इलाख्यांतील अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) जिल्ह्यांत एर्स्किन नामक गृहस्थानें लोकांचे चेहरे निरखले. पण युरोपियनांदेखत लोक भावना लपवीत, त्यामुळें निर्णय करणें त्यांस जड गेलें. साहेबासमोर चेहरा आवरण्याची ही विद्या कोणत्या माकडास साधेल !

घरच्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. भुंवयांचीं आंतलीं टोकें उचलून तो केविलवाणा पाहतो. हें काम करणारा स्नायू कुत्र्यांत चांगला वाढलेला, तर लांडग्यांत बहुधा तंतूंएवढाच असतो, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधांत दिसून आलें. तेव्हां हें साम्य समाईक पूर्वजाकडून आलेलें नव्हे; अशी नजर असलेलीं कुत्रीं माणसानें हजारों वर्षें पसंत करून पाळलीं, त्यामुळें तें आलें असावें.