रात्रपाळीच्या नर्सची झोप घराने राखावी

आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी मुली शिकून नर्स झाल्या. पण रात्रपाळी करून आलेली सून सकाळी आडवी झाली, की ‘दिवसाढवळ्या झोपते’ असे बोल आजही कानावर येतात. आम्ही नर्सेस सांगतो, ही झोप म्हणजे आळस नव्हे.

अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक वाढते, उजेडात ते घटते. त्यामुळे दिवसाची झोप तुटक आणि अपुरी होते. मोठ्या माणसाला निदान ७ तास झोप हवी. ती सतत कमी पडली तर रक्तदाब व मधुमेहाचा धोका वाढतो. शिवाय पेंगत इंजेक्शनचा डोस भरताना चूक झाली, तर रुग्णाच्या जिवावर बेतते.

नर्सने काय करावे?
पहाटे ३ नंतर चहा टाळावा. पेंग येत असेल तर स्कूटर चालवू नये. घरी आल्यावर थोडे खाऊन लगेच झोपावे. डोळ्यांवर काळी पट्टी, कानात कापूस ठेवावा. झोपेची गोळी मनाने घेऊ नये. महिनाभर झोप नीट लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

घराने काय करावे?
नळाचे पाणी, स्वयंपाक, मुलांची शाळा ही कामे सर्वांनी वाटून घ्यावीत, पुरुषांनीही. टीव्हीचा आवाज कमी ठेवावा. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावे.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४६ साली, बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ करणारा कायदा झाला. विश्रांती हा कष्टकऱ्याचा हक्क आहे. तो आपल्या लेकीसुनांना घरातही मिळाला पाहिजे.