गोचिडींचीं शास्त्रीय नांवें

गाईच्या कांसेवर, कानांत किंवा शेपटीखालीं रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड आमच्या वाशीम जिल्ह्यांत कोणीं पाहिली नाहीं? परंतु ज्या सर्वांस आपण एकाच नांवानें ओळखतों, त्या एकाच जातीच्या नव्हेत. जगांत गोचिडींच्या सुमारें ९०० जाती आहेत.

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, गोचीड हा कीटक नव्हे. कीटकास सहा पाय असतात. वाढलेल्या गोचिडीस आठ. म्हणून तिची गणना कोळी व विंचू यांच्या वर्गांत होते. अंड्यांतून निघालेल्या पिलास मात्र सहाच पाय असतात.

स्वीडनचे पंडित लिनीअस यांनीं १७५८ सालीं प्राण्यांस दोन पदांचें नांव देण्याची रीत पक्की केली. पहिलें पद वंशाचें, दुसरें जातीचें. जसें आपलें आडनांव व नांव. युरोपांतील एका गोचिडीस त्यांनीं ‘रिसिनस’ हें जातिनाम दिलें. लॅटिन भाषेंत ह्या शब्दाचा अर्थच गोचीड! एरंडाचें बीं फुगलेल्या गोचिडीसारखें दिसतें, म्हणून एरंडाच्या वंशासही हेंच नांव आहे. पुढें १८४४ सालीं जर्मन शास्त्रज्ञ कोख यांनीं अनेक वंश वेगळे केले. ‘हायलोमा’ म्हणजे कांचेसारख्या डोळ्यांची. ‘ऱ्हिपिसेफॅलस’ म्हणजे पंख्यासारख्या डोक्याची.

नवीन ज्ञान मिळतां नांवें बदलतातही. गुरांवरील नेहमींच्या ‘मायक्रोप्लस’ जातीचा वंश पूर्वीं ‘बूफिलस’, म्हणजे बैलांची आवड असणारी, असा मानीत. २००३ सालीं तो ऱ्हिपिसेफॅलस वंशांत सामील करण्यांत आला.

ह्या नांवांचा शेतकऱ्यास काय उपयोग, असें कोणी विचारील. मायक्रोप्लस पिलापासून पूर्ण वाढीपर्यंत एकाच जनावरावर राहते. म्हणून अंगावर लावलेलें औषध तिला पुष्कळ आवरतें. ‘हायलोमा अनाटोलिकम’ मात्र मध्येंच खालीं उतरून गोठ्याच्या भेगांत लपते व तेथें कात टाकते. तिच्यासाठीं केवळ अंगावरचें औषध पुरत नाहीं. भिंतींच्या भेगाही बुजविल्या पाहिजेत. हीच जात थायलेरिया रोगाचे जंतू पसरविते, आणि संकरित गुरें त्यास लवकर बळी पडतात. सर्वांस नुसतें ‘गोचीड’ म्हणून थांबल्यास उपाय अर्धाच होतो आणि वासरूं हातचें जातें.

तरी विद्यार्थ्यांनीं सुटींत आपल्या गोठ्याच्या भिंती नीट न्याहाळाव्या, भेगांत काय आढळतें तें वडिलांस दाखवावें, व गुरांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गोचीड बोटांनीं चिरडूं मात्र नये.