व्यावसायिक संदेशलेखन

प्रस्तावना

बंगळूरच्या पूर्व भागात के. आर. पुरमला लागून दूरवाणीनगर आहे. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी दूरध्वनी कारखाना येथे १९४८ साली सुरू झाला. त्या काळी तातडीचा व्यापारी निरोप तारेने जाई. तारेचे शुल्क शब्दांवर आकारले जाई; म्हणून प्रत्येक शब्द पारखून लिहावा लागे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ई-मेलला शब्दागणिक पैसे पडत नाहीत. मात्र सुटलेल्या शब्दाची किंमत आजही मोजावी लागते.

उदाहरण

समजा, के. आर. पुरममधील एका गृहउद्योजिकेकडे एका मराठी मंडळाने दिवाळी पहाटेसाठी फराळाचे ६० डबे मागवले. तिने उत्तर पाठवले :

‘नमस्कार. मागणी मिळाली. माल वेळेवर पोहोचवू. दराचे नंतर बोलू.’

हा संदेश विनम्र आहे, शुद्धही आहे. तरीही तो अपुरा आहे. ‘वेळेवर’ म्हणजे मंडळाच्या दृष्टीने पहाटे पाच, तर उद्योजिकेच्या दृष्टीने दुपारपर्यंत. कार्यक्रम संपल्यावर आलेले डबे मंडळाने नाकारले, तर तिचे श्रम आणि भांडवल दोन्ही वाया जाईल. आता पुढील संदेश वाचा :

विषय : फराळाचे ६० डबे – दर व पोहोच

मा. कार्यवाह, स. न.
आपली ६० डब्यांची मागणी मिळाली. प्रत्येक डब्यात चकली, शंकरपाळे व बेसनाचे लाडू मिळून १ किलो फराळ असेल. दर डब्यास ४५० रुपये. एकूण २७,००० रुपये. डबे कार्यक्रमाच्या दिवशी पहाटे ५ वाजता सभागृहात पोहोचतील. कृपया आठ दिवस आधी लेखी संमती व १३,५०० रुपये आगाऊ पाठवावेत.

या संदेशात काय, किती, कितीला, केव्हा आणि कोठे या पाचही प्रश्नांची उत्तरे आहेत. वाचणाऱ्याने पुढे काय करायचे, हे शेवटच्या वाक्यात सांगितले आहे. विषयाच्या ओळीमुळे अनेक पत्रांतूनही हे पत्र चटकन सापडते.

संदेशाचे कायदेशीर महत्त्व

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायद्याची मान्यता आहे. २००८ च्या दुरुस्तीनुसार, केवळ इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्याच कारणाने करार अग्राह्य ठरत नाही. म्हणून ई-मेलमधील शब्द हा दिलेला शब्द समजून लिहावा. जे पाळता येणार नाही, त्याचे आश्वासन देऊ नये.

जाहीर संदेश

समाजमाध्यमावरील संदेश अनोळखी लोकही वाचतात. तेथे पदार्थ, दर, पोहोचविण्याचा परिसर आणि मागणीची अंतिम तारीख एवढेच द्यावे. एका ग्राहकाचा पत्ता किंवा व्यवहार तेथे उघड करू नये. तक्रार आल्यास वाद न घालता तिची जाहीर दखल घ्यावी. तपशील मात्र खाजगी संदेशातून विचारावा.

लक्षात ठेवा : संदेश पाठवण्यापूर्वी तो वाचणाऱ्याच्या जागी बसून एकदा वाचावा. त्याला उलट प्रश्न विचारावा लागणार असेल, तर संदेश अजून पूर्ण झालेला नाही.

स्वाध्याय

१. उद्योजिकेच्या पहिल्या संदेशात कोणती माहिती सुटली आहे?
२. शिवणकामाच्या ४० गणवेशांची मागणी स्वीकारणारा ई-मेल विषयाच्या ओळीसह लिहा.